गंगेत न्हालेला टेप

मी एक जुना कापडी टेप आहे. गाणी वाजवणारा नव्हे हो, मोजायचा! तीस मीटर लांब, अंगावर काळे-तांबडे आकडे, राहायला गोल चामडी घर आणि गुंडाळायला पितळेची मूठ. वाराणसीच्या दूधविनायक गल्लीजवळ मुलींची एक शाळा आहे. तिथल्या खेळाच्या खोलीत, चेंडूंच्या जाळीशेजारी, एका खुंटीवर माझा मुक्काम असतो. मित्रांनो, म्हाताऱ्यांना आपली गोष्ट सांगायची भारी हौस असते. मला तर जास्तच, कारण माझ्या गोष्टीत माझी फजितीही आहे, आणि ती दुसऱ्या कुणी तिखटमीठ लावून सांगण्याआधी मीच सांगितलेली बरी.

एका कारखान्यात सुताच्या पट्टीवर मेणासारखा रंग चढवून मला तयार केलं. यंत्राने आकडे छापले, एका माणसाने तपासून शिक्का मारला, आणि मी खोक्यात जाऊन बसलो. एकतीस वर्षांपूर्वी काशीनाथ सर मला चौकातल्या दुकानातून घेऊन आले. ते तेव्हा नुकतेच या शाळेत खेळाचे शिक्षक म्हणून लागले होते. घरी मराठी, वर्गात हिंदी, नाववाल्यांशी भोजपुरी आणि शिटी मात्र सगळ्या भाषांत सारखीच, असा त्यांचा कारभार. दुकानदाराने मला उलगडून दाखवलं तेव्हा सर म्हणाले, "खरा आहे ना? मुलींच्या उड्या मोजायच्यात." ते ‘खरा’ मी जे मनावर घेतलं, ते कायमचं.

आता आमच्या शाळेला मैदान कुठलं? दूधविनायकच्या गल्लीत समोरून गाय आली तर माणसाला पायरीवर चढावं लागतं. तिथे लांब उडी मारायची म्हणजे थेट कुणाच्या तरी स्वयंपाकघरात. पण गंगेच्या पलीकडे मैलच्या मैल रेती पडलेली आहे. सरांनी डोकं चालवलं. पाऊस संपून पाणी उतरलं की सकाळी सहाला मुली रामघाटावर जमायच्या, नावेतून पलीकडे जायच्या, रेतीत उड्या मारायच्या आणि आठला परत येऊन शाळेत बसायच्या. वेणीतून दिवसभर रेती गळायची. जिच्यावरून उडी घ्यायची त्या फळीपाशी बसून सर आकडा वाचायचे, आणि तोच आकडा वहीत उतरायचा. तक्रार करायची कुणाची टाप नव्हती, कारण मी होतो ना! "फीता जो बोले सो सही," असं मुलीच म्हणायच्या. मी चामड्याच्या घरात फुगून बसायचो.

सरांचा एक नियम होता. उड्या संपल्या की उडी मारणाऱ्यांनीच मला गवतावर पूर्ण अंथरायचं, कोरड्या फडक्याने पुसायचं आणि मगच गुंडाळायचं. रेतीचा कण आत गेला की आकडे खरवडले जातात. ही माझी रोजची मालिश. असा मान किती टेपांना मिळतो, सांगा बरं.

आता थोडं भांडणाबद्दल बोलतो. आमचं राज्य केवढं मोठं! पूर्वेकडून पश्चिमेकडे जायचं तर रेल्वेत एक रात्र आणि डब्यातल्या दोन भाज्या संपतात. राज्याच्या शालेय स्पर्धेला सगळीकडची मुलं आली की आपोआप दोन तट पडतात. आमचे पूर्वेचे लोक म्हणायचे, निवड करणारे सगळे पश्चिमेचे, ते आपल्याच पोरांना पुढे काढतात. तिकडचे लोक म्हणायचे, पूरबवाल्यांना पळायला सांगितलं तर आधी पान लावून घेतील. एकदा तर जेवणाच्या रांगेत पुऱ्यांवरून जुंपली होती. गंमत बघा, आमची लांब उडी मारणारी नीरजा दूधविनायकच्या, सात पिढ्या काशीत राहिलेल्या मराठी घरातली. गल्लीत तिला मराठी म्हणायचे, पुण्याला मामाकडे गेली की यूपीवाली म्हणायचे, आणि स्पर्धेला गेली की ती एका क्षणात पूरबवाली व्हायची. तीही हिरिरीने भांडायची, बरं का.

आणि मग चार वर्षांपूर्वी मी गंगेत पडलो.

डिसेंबर होता. रेतीवरून नाव परत येत होती. शिंदे घाटासमोर एक मोठी मोटारबोट शेजारून गेली, आमची नाव हलली आणि मी सरांच्या मांडीवरून सुटून पाण्यात! मुली किंचाळल्या. नाववाल्याने सूर मारला, पण त्याला मी सापडेपर्यंत चांगली पंधरा-वीस मिनिटं गेली. चामडं सुटलं होतं, तीसच्या तीस मीटर पाण्यात लोळत होते. सरांनी मला घरी नेलं, गॅलरीत दोरीवर तीन दिवस वाळत घातलं. येणारा-जाणारा हसून म्हणायचा, "मास्तर, टेपचंही गंगास्नान झालं म्हणायचं!" सर म्हणायचे, "पवित्र झालाय आता. खोटं बोलणारच नाही." चामडं शिवून आणलं, मुठीला तेल घातलं आणि आम्ही पुन्हा रेतीवर हजर. मला काही म्हणता काही वेगळं वाटत नव्हतं. उलट हलकं वाटत होतं!

त्यानंतर एक विचित्र गोष्ट सुरू झाली. आमच्या मुलींच्या उड्या एकदम वाढल्या. सर खूश, मुली खूश. पण राज्यस्पर्धेला गेल्या की आकडे धाडकन खाली. एक वर्ष, दोन वर्षं, तीन वर्षं! तिसऱ्या वर्षी पश्चिमेकडच्या एका शहरात स्पर्धा होती. रेतीवर नीरजा पाच मीटर तीन सेंटीमीटर उडायची. तिथे तिला मिळाले चार त्र्याण्णव. पाच सेंटीमीटरने निवड हुकली. परतीच्या गाडीत ती खिडकीला डोकं लावून रडत होती, आणि शेजारी सर धुमसत होते. "माझ्या पोरीचे दहा सेंटीमीटर कुणी खाल्ले? मापात पाप करतात ही माणसं!" मी पिशवीत होतो. मलाही इतका संताप आला होता म्हणून सांगू! सरांनी वरती दोन पानी तक्रार लिहिली. सगळ्या घाटांवर, सगळ्या पानाच्या दुकानांवर एकच चर्चा, पश्चिमवाले आपल्या मुलींना मापात मारतात.

त्याच्या पुढच्या वर्षी स्पर्धा वाराणसीलाच आली. सरांचं निवृत्तीचं वर्ष. एकतीस वर्षांत त्यांची एकही मुलगी राज्याच्या संघातून देशाच्या स्पर्धेला गेली नव्हती. आणि सतरा वर्षांखालच्या मुलींत लांब उडीला जागा एकच होती.

लांब उडीच्या मुख्य पंच होत्या लखनौच्या गीता मॅडम. पांढरी टोपी, आवाज बारीक, पण वाक्य असं की दुसऱ्यांदा सांगावं लागू नये. मागच्या भांडणांचा इतिहास ऐकून त्यांच्या कचेरीने आधीच एक तोडगा काढून ठेवला होता. वाळूचे दोन खड्डे करायचे. एकावर पूर्वेच्या मुली उडतील, दुसऱ्यावर पश्चिमेच्या. कुणी कुणाच्या तोंडाला लागायला नको. शेवटी आकडे एकत्र करायचे आणि जिचा मोठा तिची निवड. सगळ्यांना वाटलं, छान, कटकट मिटली.

पश्चिमेकडून संघ घेऊन कुशल सर आले होते. त्यांनी सोबत स्वतःचा पोलादी टेप आणला होता, आणि तो त्यांच्या खड्ड्यावर लागला. आमच्या खड्ड्यावर कचेरीचा टेप लागणार होता, पण सकाळीच त्याची मूठ निखळली. काशीनाथ सर पुढे झाले, मला वर धरून म्हणाले, "हा घ्या. एकतीस वर्षांत एक आकडा चुकला नाही." अहो, माझी छाती अशी फुगली की चामड्याची शिवण उसवायची बाकी होती.

नीरजाने तिसऱ्या उडीला कमाल केली. पंचांनी माझ्यावरचा आकडा वाचला, पाच मीटर सोळा. मैदानात ‘हर हर महादेव’चा असा गजर झाला की कबुतरं उडाली. पलीकडच्या खड्ड्यावर सुरुची नावाच्या उंच मुलीला पाच नऊ मिळाले होते. तीच त्यांच्यातली पहिली. फलकावर नीरजाचं नाव वर लागलं. सरांच्या गळ्यात कुणी झेंडूची माळ घातली, कुणी तोंडात पेढा कोंबला, आणि सर एकाच वेळी हसत आणि डोळे पुसत होते.

इकडे नीरजा मला गवतावर अंथरत होती. सरांचा नियम, जिंकलं म्हणून सुट्टी नाही. तेवढ्यात सुरुची त्यांचा पोलादी टेप घेऊन आली. हरल्याचं तोंड तिने केलं नव्हतं. म्हणाली, "तुम लोग पोंछते हो? हमारे यहाँ तो ऐसे ही लपेट देते हैं." नीरजाने तिला फडक्याचा अर्धा तुकडा फाडून दिला. सुरुची केस बांधायला थांबली, तिने दोन्ही टेपांची टोकं एका पायाखाली दाबून धरली, आणि नीरजा दोघांना ओढत लांब चालत गेली. एकीकडे मी, शेजारी तो चकचकीत पोलादी. माझ्या विसाच्या आकड्यापाशी ती पुसायला वाकली.

आणि तशीच राहिली.

माझ्या विसाशेजारी त्याचे एकोणीस साठ होते. तिने आम्हाला ताणून पुन्हा लावलं. पुन्हा तेच. ती गुडघ्यावर सरकत पाच मीटरपर्यंत आली. माझ्या पाचाशेजारी त्याचे चार नव्वद. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला, मित्रांनो. गंगेत भिजून, उन्हात वाळून, मी आटलो होतो! पाच मीटरमागे दहा सेंटीमीटर! तीन वर्षं मी मुलींना खोटं सांगत होतो आणि फुगून बसत होतो. पश्चिमेच्या लोकांनी काहीच खाल्लं नव्हतं. लाज म्हणजे काय असते ते मला त्या दिवशी कळलं.

सुरुची केस बांधण्यात गुंग होती, तिला काही दिसलं नव्हतं. हे फक्त दोघांना ठाऊक होतं, नीरजाला आणि मला. मला तोंड नाही. तिने मला भराभर गुंडाळलं, मूठ बंद केली आणि पोटाशी धरलं. तिचं काळीज धडधडत होतं, मला चामड्यातून ऐकू येत होतं. खरं सांगतो, क्षणभर मलाही वाटलं, पोरी, गप्प बस. एवढी वर्षं सरांनी वाट पाहिली आहे.

ती सरळ सरांकडे गेली आणि त्यांना पाण्याच्या टाकीमागे घेऊन गेली. मराठीत, हळू आवाजात सगळं सांगितलं. सरांचा चेहरा उतरला. आधी ते म्हणाले, "अगं, काहीतरीच! तू नीट धरला नसशील." मग त्यांनी मला स्वतः हातात घेतलं, वीतभर उलगडलं, कापडावरून अंगठा फिरवला. ज्याने एकतीस वर्षं रोज हाताळलंय त्याला एवढं पुरतं. कापड दाट झालं होतं, आकडे जवळ आले होते. त्यांना कळलं.

"आत्ता नको, नीरजा," सर म्हणाले. "बक्षीस समारंभ होऊ दे. मग बघू आपण शांतपणे."

"मग सुरुची गाडीत बसून घरी जाईल, सर."

सर मला गुंडाळायला लागले.

"सर, मागच्या वर्षी तुम्ही विचारत होतात ना, माझे दहा सेंटीमीटर कुणी खाल्ले?" तिने माझ्यावर बोट ठेवलं. "ह्याने खाल्ले. आणि आपण सगळ्या गावाला त्यांचं नाव सांगितलं."

मित्रांनो, तिची संधी जाणार होती, हे तर आहेच. पण सरांचं काय जाणार होतं ते बघा. तीन वर्षं ज्यांना चोर म्हटलं, त्यांच्यासमोर उभं राहून ‘चूक माझी’ म्हणायचं होतं, तेही आपल्या गावात, आपल्या माणसांसमोर, गळ्यात माळ असताना. सरांनी ती माळ काढून टाकीवर ठेवली. म्हणाले, "चल." नुसतं एवढंच.

गीता मॅडमच्या टेबलासमोर त्यांनी दोन्ही टेप शेजारी अंथरायला लावले. मग कुशल सरांकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं हिंदीत सांगितलं, की तीन वर्षं मी तुम्हाला दोष दिला, तक्रारी केल्या, खोट माझ्या टेपमध्ये होती, मला माफ करा. कुणीतरी मागून ओरडलं, "मास्टर साहब, ई का कर रहे हैं?" सरांनी मागे बघितलंही नाही.

कुशल सर जाडजूड, मिशीवाले. मला वाटलं, आता हे चांगलेच सुनावणार. ते मान खाली घालून मिशीवर हात फिरवत राहिले आणि मग म्हणाले, "मास्टर जी, हम भी दूध के धुले नहीं हैं. आप लोगों के नाप पर भरोसा नहीं था, तभी तो अपना फीता ट्रेन में लादकर लाए थे." दोघेही ओशाळे हसले. गीता मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या की दोन खड्डे करायची कल्पना मुळातच चुकीची होती, आणि त्या कागदावर आपलीही सही आहे. एका खड्ड्यावर उड्या झाल्या असत्या तर टेप लांब असो की आखूड, सगळ्यांना एकच लागला असता. त्यांनी निर्णय दिला. दोन्हीकडच्या पहिल्या तिघी एकाच खड्ड्यावर, एकाच टेपने, पुन्हा तीन-तीन उड्या मारतील.

त्या उड्या मी नीरजाच्या पिशवीतून बघितल्या. आता सगळा गाव एका दोरीमागे उभा होता, पूर्वेचे आणि पश्चिमेचे मिसळून, आणि कुणासाठी ओरडावं हेच कुणाला समजेना. नीरजाची पहिली पाच चार. दुसऱ्या उडीला पाय फळीपुढे पडला. सुरुची पाच पाच, मग पाच दहा. शेवटच्या उडीला नीरजा अशी सुटली, की तिने रेतीवरसुद्धा कधी अशी मारली नव्हती. पाच सात.

तीन सेंटीमीटरने गेली. सुरुचीची निवड झाली. आमच्या गल्लीतले काही जण सरांशी पंधरा दिवस बोलले नाहीत. नीरजा त्या संध्याकाळी रडली, पोटभर रडली, मी लपवणार नाही. पण रडताना तिने कुणालाही शिव्या दिल्या नाहीत. आधीच्या वर्षीच्या रडण्यात आणि ह्या रडण्यात फार फरक होता, मी दोन्ही वेळा जवळ होतो.

माझं काय करायचं, हा प्रश्न होता. सर मला घेऊन रामघाटाच्या पायरीवर बसले आणि म्हणाले, "ह्याचं आता विसर्जन करावं." नीरजा म्हणाली, "नको सर, एकदा बुडाला तेवढा पुरे!" मी मनात तिला शंभर आशीर्वाद दिले. मग तिने सरांना एक गोष्ट सुचवली. लांब उडी मारणारी मुलगी धावायला कुठून सुरुवात करायची ती जागा फळीपासून मोजून ठेवते. ते माप जगाला सांगायचं नसतं, कुठे नोंदवायचं नसतं, दर वेळी तेवढंच असलं की झालं. माझ्यावर तिचं अंतर आहे सत्तावीस मीटर चाळीस. म्हणून ती मैदानावर आली की आधी मला अंथरते, त्या आकड्याशी खूण करते आणि मग पळते.

उड्या मोजायला शाळेत आता पोलादी टेप आला आहे. तो आला त्या दिवशी सगळ्या मुलींचे आकडे दहा-दहा सेंटीमीटरने खाली आले, आणि चार-पाच जणींनी भोकाड पसरलं. सर निवृत्त झालेत, पण सकाळी नाव सुटायच्या आधी पायरीवर हजर असतात. मागच्या महिन्यात मंडळाची, म्हणजे आसपासच्या जिल्ह्यांची, स्पर्धा झाली. त्या आठवड्यात रेतीवर नीरजाची सगळ्यात मोठी उडी पाच चौदा भरली होती. स्पर्धेत पंचांनी आकडा पुकारला, पाच मीटर चौदा. लोकांनी जेमतेम टाळ्या वाजवल्या, त्यांना त्यात काही विशेष दिसलं नाही. सर मात्र खुर्चीतून उठून उभे राहिले. चार वर्षांनी पहिल्यांदाच त्यांच्या मुलीचा रेतीवरचा आकडा आणि बाहेरचा आकडा एक निघाला होता.

मित्रांनो, तुमच्या शाळेतला टेप भिजू देऊ नका, भिजलाच तर नव्याशेजारी लावून बघितल्याशिवाय वापरू नका, आणि पुसल्याशिवाय गुंडाळू नका. आमच्यापैकी कुणी आखूड झाला तर आम्हाला स्वतःला ते कळत नाही, कारण आमच्या अंगावरचे आकडे सगळे जागच्या जागी असतात. तेव्हा दुसऱ्यांच्या मापाला नावं ठेवायच्या आधी आपला टेप त्यांच्या टेपशेजारी एकदा अंथरा. मी हे केलं नाही म्हणून तीन वर्षं भल्या माणसांना चोर ठरवण्यात माझा हात होता.

पुढच्या आठवड्यात राज्यस्पर्धा आहे, सुरुचीच्या गावाला. नीरजाने काल पिशवी भरली. बूट, पाण्याची बाटली, चिवड्याचा डबा आणि सगळ्यात वर मी. माझे सत्तावीस मीटर खरे नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक आहे, तरी ती धावायला सुरुवात माझ्यापासूनच करते.